कार्बनचा ट्रे हवेत कसा संपला: शिरोलीतल्या एका भट्टीचं प्रकरण

डिसेंबर महिना, पहाटेचे सव्वाचार. रात्रपाळीच्या मामांचा फोन आला, "मॅडम, ट्रे मोडला बघा, मधनंच. दोन डाय खाली आल्यात. माणसं समदी बरी हैत." शेवटचं वाक्य ऐकलं तेव्हा जिवात जीव आला. शिरोली एमआयडीसीतल्या एका हीट ट्रीटमेंट जॉब शॉपमध्ये मी मेटलर्जिस्ट आहे, आमच्याकडं व्हॅक्युम फर्नेसमध्ये, म्हणजे आतली हवा काढून घेतलेल्या भट्टीत, डाय आणि पंच हार्डन होतात आणि ते ज्याच्यावर ठेवतो ते ट्रे कार्बन-कार्बन कंपोझिटचे आहेत. महागडी वस्तू. एक ट्रे मोडला म्हणजे मालकाचं तोंड दोन दिवस उतरलेलं असतं, आणि हा तर भट्टीतनं काढताना गार झालेला असताना मोडला, म्हणजे ताकद आधीच गेली होती, आपल्याला फक्त त्या दिवशी कळलं.

हे सगळं सविस्तर लिहायचं कारण म्हणजे पुढचे सात-आठ महिने आम्ही या एका ट्रेच्या मागं लागलो, आणि कोटिंगबद्दल माझा जो समज होता तो पार उलटा निघाला. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात आता बऱ्याच जणांकडं व्हॅक्युम फर्नेस आल्यात, त्यांच्या कामाला येईल.

कार्बन-कार्बन म्हणजे काय ते थोडक्यात. कार्बन फायबरचं कापड फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवून दाबायचं, मग हवा लागू न देता हजारभर डिग्रीला भाजून त्या रेझिनचाही कार्बन करायचा, राहिलेली बारीक भोकं परत परत भरत घनता वाढवायची आणि शेवटी दोन हजार डिग्रीच्या वर नेऊन ग्राफाइटकडं झुकवायचा. घनता दीड-पावणेदोन, म्हणजे स्टीलच्या पावपटीहूनही कमी, त्यामुळं भट्टीची उष्णता ट्रे तापवण्यात वाया जात नाही. स्टीलच्या बास्केटला वर्षभरात बाक येतो, याला येत नाही. उलट तापवल्यावर याची ताकद कमी न होता थोडी वाढतेच. फक्त एक अट आहे, हवा नको. गरम कार्बनला ऑक्सिजन मिळाला की त्याचा कार्बन डायऑक्साइड किंवा मोनॉक्साइड होऊन निघून जातो. लोखंड जळलं तर निदान वर स्केल बसतो, अ‍ॅल्युमिनियमवर तर ऑक्साइडचा पापुद्रा धरून पुढचं जळणं थांबतं, पण कार्बनचं ऑक्साइड गॅस आहे, ते राखण करायला मागं राहतच नाही.

साहजिकच पहिला संशय व्हॅक्युमवर. कुठंतरी लीक आहे, हवा शिरतीय, ट्रे जळतोय. दोन दिवस भट्टी बंद ठेवून लीक रेट बघितला, दाराचं सील बदललं, पंपाचं तेल बदललं, काही निघालं नाही. दुसरा संशय सप्लायरवर, माल खराब दिला म्हणून. मालकांनी तर मेलसुद्धा लिहून ठेवला होता, मी म्हटलं थांबा, आधी सगळे ट्रे वजन करूया.

इथं प्रकरणाला कलाटणी मिळाली. ट्रे आले तेव्हाच्या चलनावर प्रत्येकाचं वजन लिहिलेलं होतं, हे नशीब. मोडलेला, म्हणजे आमचा तीन नंबरचा, नवा असताना साडेसहा किलो होता, सगळे तुकडे गोळा करून भरला साडेपाचच्या आसपास. किलोभर कार्बन हवेत गेलेला. दुसरे तीन ट्रे कमी झाले होते पण इतके नाहीत, शंभरात तीन ते आठच्या मधे. आणि सगळ्यात जुना, चार वर्षांचा, प्रत्येक मोठ्या लोडला वापरलेला ट्रे मात्र जवळजवळ जसाच्या तसा! लीक असती तर तोच आधी गेला असता. त्याच्यात वेगळं काय, तर तो आकारानं मोठा होता. मी मामांना विचारलं, मामा, ह्यो मोठा ट्रे कुठं कुठं जातो? मामा म्हणाले, "ह्यो व्हॅक्युमलाच. पिट भट्टीत बसत न्हाई न्हवं ह्यो."

पिट भट्टीत? म्हणजे बाकीचे बसतात?

तर झालं होतं असं, की दिवाळीच्या घाईत टेम्परिंगच्या (हार्डन झालेला माल परत तापवून ठिसूळपणा कमी करायच्या) स्टीलच्या बास्केट तुटल्या, दुरुस्तीला गेल्या त्या लवकर आल्या नाहीत, आणि पोरांनी वेळ वाचवायला व्हॅक्युममधनं निघालेला लोड ट्रेसकट उचलून थेट टेम्परिंगच्या पिट भट्टीत उतरवायला सुरुवात केली. पिट भट्टी साध्या हवेवर चालते, आत पंखा. हाय स्पीड स्टीलचं टेम्परिंग ५५० ते ५६० डिग्रीला, तीन वेळा, दर वेळी दोन तास. पोरांना दोष देणार नाही, कारण १२०० डिग्री सहन करणाऱ्या वस्तूला ५६० काय करणार असं कुणालाही वाटेल, आणि त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम माझं होतं.

कार्बनला हवेत साधारण ४०० ते ५०० डिग्रीच्या दरम्यान खाणं सुरू होतं. ५६० ला ज्वाला दिसत नाही, ठिणगी दिसत नाही, ट्रे लालसुद्धा होत नाही धड. पण या तापमानाला रिअ‍ॅक्शन हळू असते म्हणून ऑक्सिजनला आत शिरायला भरपूर सवड मिळते, तो भोकाभोकातनं खोल जातो आणि फायबर आणि मॅट्रिक्सच्या (फायबरच्या मधे भरलेल्या कार्बनच्या) जोडावरच आधी चावतो. हजारच्या वर उलटं होतं, तिथं ऑक्सिजन पृष्ठभागावरच संपतो, वरनं झिजतं पण आतला गाभा शाबूत राहतो. म्हणून कमी तापमानाचं जळणं डोळ्याला बारीक आणि ताकदीला घातक. वजन शंभरात दहा गेलं की ताकद निम्म्यावर आलेली असू शकते.

आता राहिला प्रश्न तीन नंबरच एवढा का. तेवढेच लोड, तीच भट्टी. त्याचे तुकडे बघताना एका बाजूच्या भोकांत पांढरट पूड दिसली. आमच्याच शेडमध्ये जुना सॉल्ट बाथ आहे, म्हणजे वितळलेल्या मिठाची भट्टी, बेरियम, सोडियम आणि पोटॅशियम क्लोराइडचा, आणि तीन नंबर ठेवायची जागा त्याच्या शेजारच्या बाकड्यावर. मामांनी ती पूड तारेवर घेऊन गॅसच्या ज्योतीत धरली, भडक पिवळी ज्योत, म्हणजे सोडियम. दुसऱ्या ट्रेची पूड धरली तर तसं काही नाही. सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार कार्बनच्या ऑक्सिडेशनला कॅटॅलिस्ट आहेत, म्हणजे जळण्याचा वेग वाढवतात, हे विमानाच्या ब्रेकवाल्यांना चांगलंच माहिती आहे, कारण थंड देशांत रनवेवरचा बर्फ वितळवायला पोटॅशियम अ‍ॅसिटेट, फॉर्मेट टाकतात आणि ते उडून कार्बनच्या ब्रेक डिस्कवर बसलं की डिस्क वेळेआधी झिजतात. तेच आमच्याकडं मिठानं केलं.

कारण सापडलं. उपाय सोपा होता खरं तर, ट्रे हवेत घालू नका. पण टेम्परिंगला हलका ट्रे वापरायची सवय आणि सोय दोन्ही लागली होती, मालकांना ती सोडायची नव्हती, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं की सिरॅमिक कोटिंग करून बघू. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, २०२४ ला, इस्रोची बातमी आली होती, पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्याच्या इंजिनाच्या नॉझलचा पसरट भाग कोलंबियम मिश्रधातूऐवजी कार्बन-कार्बनचा केला, वर सिलिकॉन कार्बाइडचं ऑक्सिडेशनरोधक कोटिंग, वजन ६७ टक्क्यांनी कमी आणि पेलोड १५ किलोनं जास्त. महेंद्रगिरीला २ एप्रिलला २०० सेकंदांची चाचणी झाली तेव्हा तापमान १२१६ केल्विन, म्हणजे ९४३ डिग्री सेल्सिअसपर्यंत गेलं. मालक म्हणाले, "मॅडम, इस्रोचं चालतंय तर आपलं का नाही चालणार, आपलं तर ५६०च आहे." अगदी बरोबर वाटणारा प्रश्न. याच प्रश्नात सगळं प्रकरण आहे.

सप्लायरनं पूर्वी नमुना म्हणून दिलेली एक पट्टी होती, ती उद्यमनगरात डायमंड व्हीलवर कापून आणली, बोटभर लांबीचे तुकडे. वजनकाटा गुजरीतल्या एका ओळखीच्या सराफाकडनं मिळाला, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा. प्रत्येक तुकडा आधी १२० डिग्रीला दोन तास वाळवायचा, नाहीतर भोकांतलं बाष्पच आपण कार्बन म्हणून मोजतो. मग आमच्या लॅबच्या मफल भट्टीत ५६० ला सहा तास, म्हणजे टेम्परिंगचा एक पूर्ण फेरा.

उघडा तुकडा: शंभरात दोनाच्या थोडं वर गेलं. सॉल्ट बाथच्या धुण्याच्या पाण्यात बुडवून वाळवलेला: दहाच्या वर, कडा हाताला लागली तरी भुगा होत होती. तो बघून मालक गप्प झाले.

मग पहिलं कोटिंग, घरातनंच आलेलं. माझ्या नणंदेचे मिस्टर हुपरीला चांदीच्या कामात आहेत. ते म्हणाले, "वहिनी, आम्ही नवीन मूस घेतली की आधी टाकणखार (बोरॅक्स) लावून तापवतो, काचेगत थर धरतो, तुमच्या ट्रेला तेच लावा की." सल्ला वेडा अजिबात नव्हता. ग्राफाइटच्या मुशीवर कारखान्यातनंच जो चकचकीत ग्लेझ येतो त्याचं काम हेच असतं, कार्बनला हवेपासून झाकणं. आणि बोरॉनची काच तर अंतराळातल्या कोटिंगमध्येसुद्धा वापरतात. पण आमच्या बाबतीत तीन गोष्टी आड आल्या: टाकणखार तापताना त्यातलं पाणी उकळून फुगतो, लाहीसारखा, त्यामुळं थर सलग बसत नाही, तो वितळतो ७४३ डिग्रीला आणि आमची भट्टी ५६० ला, म्हणजे तो पसरून काच होणारच नाही, आणि त्यात सोडियम आहे, जो आपला मूळ शत्रू. मुशीत चालतं कारण चांदी ९६२ ला वितळते, तिथं तो पातळ होऊन पसरलेला असतो. आमचा तुकडा उघड्यापेक्षा थोडा जास्तच गेला.

मग सोडियम नको म्हणून नुसतं बोरिक अ‍ॅसिड लावून बघितलं. त्याचं बोरॉन ऑक्साइड होतं, ते ४५० च्या आसपासच वितळतं, म्हणजे आमच्या तापमानाला बरोबर जुळणारं. आणि खरंच पहिल्या फेऱ्यात नुकसान एकदम कमी झालं, मी खूश. पण तोवर जून संपत आला होता. कोल्हापूरचा पाऊस, शेडमध्ये दमट हवा, आणि आठवड्यानं बघते तर तुकड्यावरची काच पांढरी पडून पावडर सुटत होती. बोरॉन ऑक्साइड हवेतलं बाष्प ओढून परत बोरिक अ‍ॅसिड होतं, फुगतं आणि थर तडकतो. ज्या गावात जुलैमध्ये कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत तिथं हे कोटिंग उघड्यावर ठेवून चालणार नाही.

तोपर्यंत बाहेरगावच्या एका कोटिंगवाल्याकडनं सिलिकॉन कार्बाइडचे तुकडे आले. याची पद्धत मला फार आवडते. सिलिकॉन, सिलिकॉन कार्बाइड आणि अ‍ॅल्युमिनाच्या पावडरीत तुकडा पुरायचा, आर्गॉनमध्ये १६००-१७०० च्या घरात तापवायचं, सिलिकॉन कार्बनला भिडतो आणि वरच्या थरातल्या कार्बनचंच सिलिकॉन कार्बाइड होतं. म्हणजे वरनं चिकटवलेला रंग नाही, त्याच कातडीचं रूपांतर. अमेरिकेच्या स्पेस शटलचं नाक आणि पंखांच्या पुढच्या कडा याच रीतीनं केलेल्या होत्या. आमच्या भट्टीत हे होणारच नव्हतं, सिलिकॉन १४१४ ला वितळतो आणि आमची भट्टी तिथपर्यंत जातच नाही.

राखाडी, कडक, सुंदर तुकडे. ५६० ला सहा तास. नुकसान शंभरात एकाच्या आसपास.

म्हणजे निम्मंच वाचलं! एवढा पैसा घालून. मी पुन्हा केलं, तेच. मग भिंगाखाली बघितलं आणि कळलं. पंचगंगेचा पूर ओसरला की काठावर गाळ राहतो आणि ऊन लागलं की त्याला चौकटी-चौकटीच्या भेगा पडतात, अगदी तसलं जाळं कोटिंगभर. कारणही तेच, वरचा थर आकसतो आणि खालचा आकसत नाही. कार्बन-कार्बन कापडाच्या दिशेनं डिग्रीमागं दहा लाखात जेमतेम एक भाग प्रसरण पावतं, सिलिकॉन कार्बाइड साडेचारच्या आसपास. मीटरभर लांबीला हजार डिग्री उतरताना साडेतीन मिलिमीटरचा फरक पडतो, सिरॅमिक तेवढं ताणलं जाऊच शकत नाही, ते तडकतंच. कोटिंग ज्या तापमानाला बनलं त्याच्या जवळ परत गेलं की भेगा मिटतात, आणि हजार-बाराशेच्या वर सिलिकॉन कार्बाइडवर सिलिकाची काच तयार होऊन ती भेगा बुजवतेही, १६०० च्या पुढंपर्यंत हे टिकतं. पण ५६० ला? भेगा जवळजवळ पूर्ण उघड्या, आणि काच तयार होण्याइतकी उष्णता नाही. ऑक्सिजन भेगेतनं आत जातो आणि खालचा कार्बन पोखरतो, वरून कोटिंग जसंच्या तसं दिसतं. एका तुकड्यावर टिचकी मारली तर पोकळ आवाज आला.

मालकांच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं. आपलं तर ५६०च आहे, हीच अडचण आहे. जे कोटिंग १५०० ला राखण करतं ते ५६० ला अर्धवट करतं, कारण त्याची दुरुस्ती करणारी यंत्रणाच तिथं जागी होत नाही. शिवाय नॉझलच्या त्या चाचणीचे २०० सेकंद आणि आमच्या एका फेऱ्याचे २१,६०० सेकंद, असे फेरे वर्षभर. शटलवाल्यांनाही या भेगा माहिती होत्या, म्हणून त्यांनी कोटिंग झाल्यावर आत टेट्राइथाइल ऑर्थोसिलिकेट मुरवून सिलिका भरली आणि वर सोडियम सिलिकेटचा सीलंट दिला. तरीही पुढं पंखांच्या कडांवर सुईच्या टोकाएवढी भोकं सापडली आणि त्याचं कारण निघालं लाँच पॅडच्या प्रायमरमधलं जस्त, पावसानं धुऊन पंखावर पडलेलं. आमच्या बाकड्यावरच्या मिठाची गोष्ट उलगडताना मला ते जस्त आठवत होतं. आणि कल्पना चावला ज्या कोलंबियात होत्या त्याच्या डाव्या पंखाची कडा याच मटेरियलची, तिला उड्डाणात फोमचा तुकडा लागून भोक पडलं आणि १ फेब्रुवारी २००३ ला परतताना त्यातनं तप्त हवा आत गेली. हे मटेरियल किती सहन करतं आणि कशापुढं हरतं हे मी तेव्हापासून वाचत आले.

मधल्या तापमानासाठी म्हणून लोक थर रचतात, सिलिकॉन कार्बाइड, त्याच्यावर बोरॉनची काच, परत सिलिकॉन कार्बाइड, म्हणजे काच पावसापासूनही झाकलेली राहते. किंवा मॅट्रिक्समध्येच बोरॉन कार्बाइड मिसळतात, जे जळून काच होऊन फुगतं आणि भेग भरतं, पण त्याचं जळणं ६०० च्या आसपास सुरू होतं, आमच्या जरा वर. आणखी वर जायचं तर झिर्कोनियम आणि हाफ्नियमचे बोराइड. ते आपल्या गल्लीतलं काम नाही.

उत्तर शेवटी गोकुळ शिरगावातनं आलं. तिथल्या एका अ‍ॅल्युमिनियम फाउंड्रीत डीगॅसिंगचा, म्हणजे वितळलेल्या धातूतला गॅस काढायचा, ग्राफाइट रोटर असतो, ७२०-७५० डिग्रीच्या धातूत फिरणारा, आणि धातूच्या पातळीच्या जरा वर, जिथं गरम आणि हवा दोन्ही मिळतं, तिथं तो मानेसारखा बारीक होत जातो. तिथले मेल्टिंगचे दादा म्हणाले, "फॉस्फेट मारलेला रोटर घेतो आम्ही, साध्याच्या कितीतरी जास्त टिकतो." विमानाच्या ब्रेकलाही फॉस्फेटच लावतात. फॉस्फेट नुसतं झाकत नाही, कार्बनच्या ज्या कडांवर ऑक्सिजन आधी बसतो त्या जागाच अडवून धरतं. मोनो अ‍ॅल्युमिनियम फॉस्फेटचं द्रावण, थोडं फॉस्फोरिक अ‍ॅसिड, हातमोजे आणि गॉगल घालून, तुकडे आधी उकळून मीठ काढलेले. छोट्या व्हॅक्युम डब्यात भिजवलं म्हणजे भोकांत मुरतं. मग वाळवताना घाई करायची नाही, घाई केली की फोड येतात, आमचे पहिले दोन तुकडे असेच गेले. सावकाश चढवत ३०० पर्यंत, मग नायट्रोजनमध्ये ६५०.

५६० ला सहा तास: सराफाच्या काट्याला नीट कळेना इतकं कमी. चार फेरे सलग केले, तरी शंभरात अर्ध्याच्या खाली. पावसातही काही झालं नाही.

पण याचीही हद्द आहे. तोच तुकडा १००० ला हवेत घातला तर राखण संपली. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे फॉस्फेटचा ट्रे व्हॅक्युम फर्नेसमध्ये अजिबात न्यायचा नाही, बाराशेला कार्बनसोबत फॉस्फेट फुटून फॉस्फरसची वाफ हॉट झोनमध्ये (भट्टीच्या आतल्या गरम भागात) आणि जॉबवर बसेल. सिलिकॉन कार्बाइडचा ट्रेही तिथं नको, कमी ऑक्सिजनमध्ये त्याच्यावर काच न होता सिलिकॉन मोनॉक्साइड वायू निघतो आणि गरम लोखंडाशी सिलिकॉन कार्बाइडची रिअ‍ॅक्शन होते. व्हॅक्युममध्ये कार्बन उघडाच बरा, फक्त स्टीलला थेट टेकू द्यायचा नाही, कारण ११५० च्या आसपास लोखंड आणि कार्बनचं मिश्रण वितळतं आणि डाय ट्रेला चिकटून बसते. आम्ही मधे अ‍ॅल्युमिनाच्या पट्ट्या ठेवतो.

तर आता आमच्याकडं दोन जाती आहेत. वाचलेल्या छोट्या ट्रेंपैकी सगळ्यात कमी खाल्लेले दोन फॉस्फेट केले, ओळखीसाठी कोपऱ्यात दोन भोकं पाडून, तीही फॉस्फेट करायच्या आधी, म्हणजे उघडी कडा राहिली नाही. ते फक्त पिट भट्टीचे, आणि त्यांच्यावर हलकाच माल. जड लोडला स्टीलच्या नव्या बास्केट आल्या. आणि व्हॅक्युमसाठी जे नवीन ट्रे मागवले ते त्या जुन्या मोठ्या ट्रेच्या मापाचे, पिट भट्टीच्या तोंडात मावतच नाहीत. बोर्ड लावून, सह्या घेऊन जे झालं नसतं ते मापानं झालं, रात्री तीनला झोपेत असलेला माणूससुद्धा चुकू शकत नाही.

सॉल्ट बाथशेजारचं बाकडं हलवलं. दर महिन्याच्या एक तारखेला सगळे ट्रे वाळवून वजन होतात, मामा स्वतः वहीत लिहितात. गेल्या महिन्यात फॉस्फेटचा एक ट्रे चाळीस ग्रॅमनं कमी भरला, दुसरा जागच्या जागी. मामांनीच विचारपूस करून काढलं, नवीन पोरानं सॉल्ट बाथचा माल निथळायला त्याच्यावर ठेवला होता. ट्रे तीन वेळा डिस्टिल्ड पाण्यात उकळला, वाळवला, परत फॉस्फेट केला, आणि आता तो पोरगा स्वतः दर एक तारखेला वजनाला उभा असतो.